जमादार साहेबांचे मानपत्र

मे महिन्याची ३१ तारीख म्हणजे आपल्या महाराष्ट्रात निरोप समारंभांची तारीख. कारण साधे आहे. पन्नास वर्षांपूर्वी शाळेत नाव घालताना ज्या आईबापांना मुलाची जन्मतारीख सांगता येत नसे, त्यांच्या मुलापुढे गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये भरायची, वयाचा हिशेब बसायचा, कोणी तक्रार करायचे नाही. त्यामुळे राज्य शासनाच्या नोकरीतली असंख्य माणसे ५८ वर्षे पूर्ण होताना एकाच दिवशी, ३१ मे रोजी, घरी परततात. कोणी शिक्षक, कोणी तलाठी, कोणी पोलीस.

परवाच्या ३१ मे रोजी आमच्या तालुक्याच्या गावातल्या पोलीस ठाण्यातून एक सहायक फौजदार निवृत्त झाले. कागदावर हुद्दा सहायक फौजदार, पण मोहल्ल्याच्या तोंडी ते शेवटपर्यंत जमादारच राहिले. शिपाई म्हणून भरती झाले, ३६ वर्षे नोकरी केली. मधल्या काळात जिल्ह्यातली इतर ठाणी करून आले, पण फिरून फिरून आमच्याच गावी यायचे. सगळी मिळून १७ वर्षे ते आमच्यात होते. त्यांचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. लेख लिहिणार म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली, "नाव नका छापू. सोबतच्या पोरांना वाटेल, जमादार एकटाच राबला."

मे महिन्याच्या अखेरीस इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर दहा-बारा माणसे बसली होती. जमादार निवृत्त होताहेत, मोहल्ल्याच्या वतीने त्यांचा सत्कार करावा, असा विषय निघाला. बहुतेकांनी मान डोलावली. हरकती दोनच निघाल्या, पण दोन्ही वजनदार होत्या.

पहिली हरकत एका तरुण वकिलाची. तो म्हणाला, "पोलिसांना हार घालण्यात आपण कधी कमी पडलोय का? नवा साहेब आला की हार, गेला की हार, मोहरमला हार, मिलादला हार. बघणारे त्याला कदर म्हणत नाहीत, खुशामत म्हणतात."

दुसरी हरकत उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका चाचांची. ती हरकत की दुखणे, हे सांगणे कठीण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा मुलगा एका मोठ्या शहरात कामाला होता. तिथे काहीतरी घडले आणि रात्री खोलीवरची चारही पोरे पोलिसांनी उचलून नेली. दोन दिवस ठेवले, विचारपूस केली आणि काही निघाले नाही म्हणून सोडून दिले. कागद नाही, नोंद नाही. मारहाण झाली नाही, असे मुलगा सांगतो. पण त्या दोन दिवसांत त्याच्या आईला आपले लेकरू जिवंत आहे की नाही, हेही कळले नव्हते. ती उंबऱ्यावर बसून होती. त्यानंतर ती माऊली रात्रीची नीट झोपलीच नाही. आता ती हयात नाही.

चाचा एवढेच म्हणाले, "हार घाला. जमादार माणूस चांगला आहे, मी अडवत नाही. पण मानपत्रात खोटे लिहू नका."

मानपत्र लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्या गळ्यात पडले होते.

आधी वकिलाच्या हरकतीचे पाहू. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातली एक घटना बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आली आहे. इब्नुल लुत्बिय्या नावाच्या माणसाला जकात-सदका गोळा करण्याच्या कामावर पाठवले होते. तो परत आला तेव्हा त्याने मालाचे दोन भाग केले. हा भाग तुमचा आणि हा मला लोकांनी भेट म्हणून दिलेला, असे तो म्हणाला. त्यावर प्रेषितांनी (स.) मिंबरवर उभे राहून लोकांना विचारले, त्याचा आशय असा: हा मनुष्य आपल्या आईबापाच्या घरी बसून का राहिला नाही? मग कळले असते, त्याच्याकडे भेटी येतात की नाही.

चौदाशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजच्या प्रत्येक सत्काराला लावून पाहावा. आपण हार माणसाला घालतो की खुर्चीला? साहेब उद्या घरी बसले तर आपण त्यांच्या दारात जाऊ का? आपल्या सरकारी नियमांचा रोखही असाच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय मानपत्र किंवा जाहीर सत्कार स्वीकारायचा नसतो. निवृत्तीच्या वा बदलीच्या वेळचा घरगुती निरोप तेवढा चालतो. म्हणजे खुर्चीवरच्या माणसाला हार घालताना जपावे, हे कायद्यालाही कळते.

म्हणून आम्ही सत्काराची तारीख १ जून ठरवली. ३१ मेच्या संध्याकाळी वर्दी उतरली. १ जूनला जमादार कोणाचे काही करू शकत नव्हते. ना पासपोर्टची पडताळणी, ना कोणाच्या पोराला सोडवणे, ना कोणाच्या गाडीची पावती माफ करणे. त्या दिवशी ते आईबापाच्या घरी बसलेले गृहस्थ होते. वकील हसला आणि म्हणाला, "मग माझी हरकत नाही. खुर्च्या मी लावतो."

आता चाचांची हरकत. आमचा पहिला मसुदा नेहमीचाच होता. कर्तव्यदक्ष, कार्यतत्पर, मितभाषी, मनमिळाऊ, जातीय सलोख्याचे शिल्पकार. छापखान्यातल्या जुन्या मानपत्रावरून नाव बदलून उतरवावे, तसा. चाचांनी तो वाचला, खिशातून पेन काढले आणि एकेक विशेषण खोडत गेले. आम्ही विचारले, "चाचा, यातले खोटे काय आहे?" ते म्हणाले, "खोटे नाही, पण तुम्ही पाहिलेलेही नाही. जे पाहिले ते लिहा."

त्यांनी मग एका हदीसची आठवण करून दिली. प्रेषितांच्या (स.) समोर एकाने दुसऱ्याची तोंडावर भरमसाट स्तुती केली, तेव्हा तू आपल्या भावाची मान कापलीस, असे त्यांनी त्याला सुनावले. कोणाची प्रशंसा करायचीच असेल तर आपल्याला जे ठाऊक आहे तेवढे, माझ्या माहितीप्रमाणे तो असा आहे, असे म्हणावे आणि खरा हिशेब अल्लाहवर सोपवावा. चाचा म्हणाले, "मानपत्र म्हणजे शहादत आहे, बाबा. साक्ष. साक्षीत विशेषण चालत नाही."

पोलिसांविषयी आपल्या समाजाच्या मनात जे आहे ते आपण नाकारू नये. ते आपल्या कल्पनेतून आलेले नाही. १९७० च्या भिवंडी-जळगाव-महाड दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट बोट ठेवले होते. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानेही ठेवले. हे सरकारनेच नेमलेले आयोग होते. ही नोंद पुसून सत्कार करता येत नाही. पण म्हणून चांगल्या माणसाची साक्ष द्यायचीच नाही, हेही आपल्या दीनला मान्य नाही. सूरह माइदामध्ये श्रद्धावंतांना बजावले आहे की एखाद्या समूहाबद्दलची चीड तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, न्यायाने वागा, तेच तक्व्याच्या अधिक जवळ आहे. न्याय करायचा तर दोन्ही साक्षी द्याव्या लागतात, तक्रारीची आणि कदरीचीही. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशा अर्थाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. तिच्यात वर्दीतला माणूस वगळलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरोघर गेलो आणि प्रत्येकाला विचारले, तुम्ही जमादारांचे स्वतः काय पाहिले? ऐकलेले नको, पाहिलेले सांगा. बरेच काही निघाले. त्यातल्या तीन गोष्टी मानपत्रात घेतल्या.

पहिली गोष्ट एका रात्रीची. काही वर्षांपूर्वी कोणीतरी मोबाईलवर आपल्या दीनची विटंबना करणारे चित्र फिरवले. तासाभरात ठाण्यासमोर दोन-अडीचशे पोरे जमली. समोरच्या आळीतही माणसे गोळा होऊ लागली. जमादार त्या रात्री ठाणे अंमलदार होते. ते बाहेर आले ते काठी न घेता. पुढे उभ्या असलेल्या पोरांना त्यांनी नावाने हाक मारली, काहींना बापाच्या नावाने. म्हणाले, "ओरडून गुन्हा दाखल होत नाही, लिहून होतो. तुमच्यातले तीन जण आत या." आत टेबलावर बसून त्यांनी फिर्याद लिहून घेतली, ती फिर्यादीला वाचून दाखवली, सही घेतली, गुन्हा नोंदवला आणि प्रथम खबर अहवालाची नक्कल त्याच्या हातात दिली. नक्कल मोफत मिळणे हा फिर्यादीचा कायदेशीर हक्क आहे. पण किती जणांना ती न मागता मिळते, हे ज्याने त्याने आठवावे. तो कागद बाहेर दाखवला गेला आणि बारा वाजायच्या आत रस्ता मोकळा झाला. त्याच रात्री आपल्यातल्या दोघा पोरांनी समोरच्या आळीत एका दुकानावर दगड मारले होते. जमादारांनी त्यांच्याविरुद्धही फिर्याद घेतली. तेव्हा आम्हाला ते कडू लागले होते. मानपत्रात दोन्ही फिर्यादी लिहिल्या.

दुसरी गोष्ट सांगताना एक गृहस्थ खाली पाहत होते, कारण पोरगा त्यांचाच भाचा. चोरीच्या मोटारसायकलसह सापडला. मोहल्ल्यातली चार वजनदार माणसे ठाण्यावर गेली. जमादारांनी चहा पाजला आणि म्हणाले, "गाडी तुमची असती तर मी काय करावे असे तुम्ही म्हणाला असता?" गुन्हा दाखल झाला. पण हे करायच्या आधी जमादार स्वतः त्या मुलाच्या आईकडे गेले होते. दारात उभे राहून त्यांनी सांगितले, "बाई, पोरगा आमच्याकडे आहे. अंगाला हात लावलेला नाही. उद्या अकरा वाजता कोर्टात आणणार. वकील बघा, आणि येताना त्याला घालायला कपडे आणा."

हा काही उपकार नव्हता. अटक केलेल्या माणसाच्या घरच्यांना कळवणे आणि चोवीस तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. दुसरी गोष्ट संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच लिहिली आहे. पहिल्या गोष्टीसह अटकेच्या वेळी पाळायच्या नियमांची यादी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्याच्या निकालात घालून दिली. प्रत्येक घरात हे ठाऊक असायला हवे. पण कायद्याच्या पुस्तकातली ओळ आणि दारात येऊन ती सांगणारा माणूस यांच्यात किती अंतर असते, ते त्या आईला विचारावे.

आम्ही ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा चाचा बराच वेळ बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे लिहा. हे नक्की लिहा. आईला येऊन सांगितले, असेच लिहा."

तिसरी गोष्ट २०२० सालची. टाळेबंदी होती. मालेगावसारख्या शहरात बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांना मोठ्या संख्येने लागण झाल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्या गावात एका बाईंचा इंतकाल झाला. मुलगा दुसऱ्या जिल्ह्यात अडकलेला, घरातले बाकीचे विलगीकरणात. जनाज्याला चौघे होते. कब्रस्तानच्या फाटकाशी जमादार उभे राहिले. मोबाईलवर मुलाला दुरूनच कबर दाखवली, शेवटची मूठ माती पडेपर्यंत थांबले. पुढच्या महिन्यात ते स्वतः आजारी पडून दवाखान्यात गेले. मोहल्ल्यात त्यांच्यासाठी दुआ झाली, हे त्यांना आजवर माहीत नव्हते. ते आम्ही मानपत्रात लिहिले.

अशा तीन गोष्टी, खाली साक्षीदारांच्या सह्या आणि शेवटी एक वाक्य: आम्ही जे पाहिले ते हे, बाकीचा हिशेब अल्लाह जाणतो. मानपत्र एका पानात बसले.

शादीखान्यातला कार्यक्रम साधा झाला. मंडप नाही, नेते नाहीत, लाऊडस्पीकरही नाही. शाल होती आणि ते एक पान होते. सोन्याची अंगठी द्यावी अशी सूचना आली होती, पण जमादारांच्या कानावर गेली तशी त्यांनी निरोप पाठवला, "अंगठी असेल तर मी येत नाही."

आमच्या घरातल्या बायकांनी मात्र एक गोष्ट आधीच ठरवून टाकली होती. पहिला सत्कार वहिनींचा. त्यांचे म्हणणे होते की पोलिसाची नोकरी एकटा पोलीस करत नाही. गणपतीत बंदोबस्त, दिवाळीत बंदोबस्त, मोहरम, रमजान, निवडणूक, मोर्चा, मंत्र्याचा दौरा. आपला सण असो वा त्यांचा, घरचा माणूस रस्त्यावर. पोरांचे आजारपण, शाळेची सभा, सासूबाईंची औषधे, हे सारे ३६ वर्षे त्या बाईने एकटीने ओढले. वहिनी बोलायला तयार नव्हत्या. आग्रह केल्यावर म्हणाल्या, "दर ईदला तुमच्याकडून शिरखुर्म्याचे भांडे यायचे. आम्ही दिवाळीला फराळ भरून ते परत करायचो. पण ज्यांच्यासाठी शिरखुर्मा यायचा ते ईदला कधी घरी नसायचे. रात्री यायचे तोवर शेवया फुगून घट्ट झालेल्या असायच्या. तसाच खायचे." सगळे हसले, बायका हसल्या नाहीत.

मानपत्र वाचून झाल्यावर जमादार उठले. भाषणाची सवय नव्हती. ते म्हणाले, "यात लिहिलंय ते खरं आहे. पण यात मोठं काही नाही. मला दोन्हीकडच्या माणसांची नावं पाठ होती, एवढंच. नाव घेऊन हाक मारली की माणूस गर्दीतनं बाहेर येतो. नाव माहीत नसलं की समोर नुसती गर्दी दिसते, मग हात काठीकडं जातो." थोडे थांबून पुढे म्हणाले, "आणि तुम्हालाबी माझं नाव माहीत होतं. नाहीतर तुम्हालाबी नुसती वर्दीच दिसली असती."

घरी परतताना हेच वाक्य आमच्या डोक्यात घोळत राहिले, आणि भिवंडी आठवली.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून दंगल पेटली, मे १९८४ मध्ये पुन्हा. भिवंडी म्हटले की दंगल, अशी ओळख झाली होती. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. आता अशा समित्या नवीन नव्हत्या, शांतता समिती नावाचा प्रकार प्रत्येक ठाण्यात असतोच. सणाच्या आदल्या दिवशी दोन्ही बाजूंचे पुढारी येतात, चहा पितात, फोटो काढतात आणि जातात. खोपडे यांनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवून वस्तीतली साधी माणसे घेतली. हिंदू आणि मुसलमान समसमान. बैठका सणापुरत्या नाहीत, वर्षभर. विषय धर्माचे नाहीत, तर नळाचे, गटाराचे, नवरा-बायकोच्या भांडणाचे, दारूच्या गुत्त्याचे. आणि वस्तीत रोज फिरणारा पोलीस या माणसांच्या ओळखीचा. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई डिसेंबरात पेटली आणि जानेवारीत पुन्हा पेटली. मुंबईला लागून असलेली भिवंडी शांत राहिली.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर ही साक्ष अर्धी राहील. त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे गेली आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. चारही घरांत मागे कोणीतरी उंबऱ्यावर बसून राहिले असेल. एकदा कमावलेला विश्वास कायमचा खात्यावर जमा राहत नाही. तो दरमहा भरावा लागतो.

आणि भरायचा कोणी? आपण नेहमी साहेबांकडे पाहतो. पण साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात. शिपाई आणि हवालदार मात्र जिल्ह्याच्याच पोलीस दलातले असतात. एका ठाण्यात पाच वर्षे, मग शेजारच्या ठाण्यात, पण जिल्हा बहुधा तोच. आपल्या गल्लीत रात्री दोन वाजता गस्तीला येतो तो हाच. फिर्याद लिहितो तो हाच, समन्स घेऊन येतो तो हाच, दंगलीत पहिला दगड खातो तोही हाच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे सहायक फौजदारच होते. अशा माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नसते, कारण आपले लक्ष त्याच्या साहेबाच्या खुर्चीवर असते.

आता आमच्या गावात जमादारांच्या जागी दुसरा येईल. त्याला आमची नावे ठाऊक नसतील, आम्हाला त्याचे नसेल. ३६ वर्षांतली जमा एका दिवसात शून्यावर येईल, जर आपण काही केले नाही तर. त्या रात्री ओट्यावर पुन्हा बैठक झाली आणि तीन गोष्टी ठरल्या. वाचकांना आपापल्या गावी उपयोगी पडतील म्हणून येथे देतो.

एक, बीटवर नवा अंमलदार आला की पहिल्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या चार-पाच जणांनी जाऊन त्याची ओळख करून घ्यायची. हार न्यायचा नाही, काम न्यायचे नाही. नाव विचारायचे आणि नाव सांगायचे. महिन्यातून एकदा समोरच्या आळीतली मंडळी, आपण आणि तो, अशी बैठक घ्यायची, सण असो वा नसो. एकमेकांची सोय पाहणे आपल्याला जमत नाही असे नाही. २८ सप्टेंबर २०२३ रोजी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईसह अनेक ठिकाणी आपल्या लोकांनी जुलूस आपणहून दुसऱ्या दिवशी नेला आणि शासनाने २९ तारखेला सुट्टी दिली. त्या एका निर्णयाने किती पोलिसांच्या जिवाला उसंत मिळाली असेल!

दोन, ठाण्यावर शिफारस घेऊन जायचे नाही. आपल्या पोराने चूक केली तर वकील द्यायचा, वजन वापरायचे नाही. आणि पोलिसाने चूक केली तर मात्र गप्प बसायचे नाही. लेखी तक्रार करायची, पोच घ्यायची. शिफारस करून ओशाळलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही.

तीन, आपली मुले-मुली त्या वर्दीत गेली पाहिजेत. पोलीस दलात आपले प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कमी असल्याचे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही दिसते. याची कारणे बाहेर आहेत तशी आपल्या घरातही आहेत. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी शिपाई भरतीला बसू शकते. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी परीक्षा १०० गुणांची आणि ती मराठीत. उर्दू माध्यमाच्या मुलांचे मराठी कच्चे राहते ते येथे नडते. चाचांनी त्या बैठकीतच सांगून टाकले, "सोमवारपासून मगरिबनंतर मुलांना माझ्याकडे पाठवा. व्याकरण मी घेतो." ज्यांच्या मुलाला एका रात्री पोलिसांनी उचलून नेले होते, ते आता पोरांना पोलीस भरतीचे मराठी शिकवणार होते. कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेही.

त्याच आठवड्यात बकरी ईद आली. ईदगाहच्या फाटकाशी एक अनोळखी तरुण शिपाई उभा होता. उन्हाने लाल झालेला, थोडा बुजलेला. एरवी आम्ही त्याच्या बाजूने निघून गेलो असतो. नमाज झाल्यावर आम्ही तिघे-चौघे थांबलो आणि त्याचे नाव, गाव विचारले. गाव आमच्या शेजारच्याच तालुक्यातले निघाले. घरी कोण आहे विचारले, तर म्हणाला, लग्न होऊन चार महिने झालेत, बायको क्वार्टरमध्ये एकटी आहे. दुपारी आमच्या घरातल्या बायका तिला भेटून आल्या.

संध्याकाळी जमादार आणि वहिनी आमच्याकडे आले. ३६ वर्षांत पहिल्यांदाच ईदच्या दिवशी ते साध्या कपड्यांत होते. वहिनींसाठी शिरखुर्मा मुद्दाम केला होता, बकरी ईद असूनही. जमादारांनी वाटी तोंडाला लावली आणि म्हणाले, "गरम असा लागतो होय!"

अल्लाह त्यांना आणि वहिनींना आरोग्य देवो, त्यांच्या उरलेल्या आयुष्यात बरकत देवो. ज्या आया आजही उंबऱ्यावर बसून वाट पाहत आहेत त्यांच्या दारात खरी बातमी घेऊन येणारा माणूस पाठवो. आणि आपल्याला न्यायाने साक्ष देण्याची बुद्धी देवो. आमीन.